काकू, खरी किंमत सांगू?

आमच्या ठाण्याच्या घरात एकच एसी आहे आणि तो माणसांसाठी नाही, पुस्तकांसाठी आहे, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अतिशयोक्ती आहे, पण अगदीच खोटंही नाही. जुलैत हॉलमध्ये बाबांचा बनियन तीन-तीन दिवस वाळत नाही आणि माझ्या खोलीत मात्र हवा कशी कोरडी ठणठणीत! कारण तिथल्या कपाटात माझी फोटोंची पुस्तकं आहेत.

फोटोंची पुस्तकं म्हणजे लग्नाचे अल्बम नव्हेत. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये धूळ खात पडलेली जाडजूड कॉफी टेबल बुक्सही नव्हेत. फोटोग्राफरने कागद निवडून, फोटोंचा क्रम लावून एखाद्या कादंबरीसारखं रचलेलं पुस्तक. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६मध्ये अमेरिकाभर गाडी हाकत सुमारे २८ हजार फोटो काढले आणि 'द अमेरिकन्स'मध्ये घेतले फक्त ८३. ते ८३ कोणते आणि कोणाच्या पाठोपाठ कोण, यातच सगळं आलं. ही गंमत एकदा कळली की माणूस कामातून जातो. मी गेले.

सुरुवात २०१४ची. पहिली नोकरी, लोअर परळचं ऑफिस, दिवसभर एक्सेल शीट. पहिल्या बोनसमधून मैत्रिणींनी फोन घेतले, मी दयानिता सिंग यांचं 'सेंट अ लेटर' घेतलं. २००८ साली जर्मनीच्या श्टाइडलने छापलेलं. छोट्याशा कापडी पेटीत सात इवल्या पुस्तिका, प्रत्येक पुस्तिका पंख्यासारखी उलगडणारी. टेबलावर उभी करून ठेवा, झालं तुमचं घरच्या घरी प्रदर्शन. आणि मग मी काय केलं? ऑफिसातल्या एका मित्राला दाखवायला दिलं. परत आल्या सहा पुस्तिका. सातवी कुठे गेली, त्यालाही माहीत नाही आणि त्याच्या मांजरालाही. सातातली एक गेली म्हणजे किंमत सातव्या हिश्शाने कमी झाली असं वाटतं ना तुम्हाला? तसं नसतं. अर्धवट सेट म्हणजे एका पायातली चप्पल.

दुसरा धडा जास्त महागात पडला. 'द अमेरिकन्स'चीच एक प्रत ऑनलाइन दिसली. आतल्या पानाचा फोटो होता, त्यावर स्पष्ट छापलेलं, प्रथम प्रकाशन १९५९. माझे हात थरथरले हो! भाव न करता पैसे भरले. पुस्तक घरी आलं, नीट वाचलं, तर त्या ओळीच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. १९७८ची आवृत्ती, अपर्चरची. विकणाऱ्याची काहीच चूक नव्हती. 'पहिल्यांदा १९५९ला आलं' हे खरंच होतं, फक्त ही प्रत त्या वेळची नव्हती. आणि मुळात पहिली आवृत्ती १९५९चीही नव्हे. ती १९५८ची, पॅरिसच्या रोबेर देलपीरची, मुखपृष्ठावर सोल स्टाइनबर्गचं रेखाचित्र असलेली. न्यूयॉर्कच्या ग्रोव्ह प्रेसची प्रत, जॅक केरुअॅकची प्रस्तावना असलेली, त्यानंतर आली. हे सगळं मला दीड पगार गेल्यावर कळलं.

त्यानंतर मी पुस्तक विकत घेण्याआधी तपासायला शिकले. नवखी माणसं मुखपृष्ठ बघतात, मुरलेली माणसं आधी कॉपीराइटचं पान उघडतात. तिथे खाली आकड्यांची एक ओळ असली आणि तिच्यात १ शिल्लक असला, तर बहुधा पहिली छपाई. पुस्तक पन्नाशीतलं आहे म्हणतात आणि आत आयएसबीएन नंबर छापलाय? मग गंडवतायत, कारण तो नंबर साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत नव्हताच. नंतर जॅकेट. वरचं ते कागदी कव्हर, जे आपण भारतीय लोक फाटलं की फेकून देतो किंवा खाकी कव्हर घालायच्या नादात काढून ठेवतो, त्यावर निम्म्याहून जास्त किंमत अवलंबून असते. मग पानं मोजायची. हो, एकेक करून! फोर्टच्या फुटपाथवर मी अशी पुस्तकं पाहिली आहेत की मधलं सगळ्यात सुंदर पान ब्लेडने सफाईदार कापलेलं, बहुतेक कोणाच्या तरी हॉलमध्ये फ्रेम होऊन लटकलेलं. आणि शेवटी भिंग. साध्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपके ठिपके दिसतात. जुन्या ग्रॅव्ह्यूर छपाईतला काळा रंग मात्र मखमलीसारखा, बोट फिरवावंसं वाटेल असा. फिरवायचं नाही अर्थात.

उरलेला सगळा खेळ मुंबईच्या हवेशी. फोटोंच्या पुस्तकांचा गुळगुळीत आर्ट पेपर म्हणजे मातीचा मुलामा दिलेला कागद. पावसात तो ओल धरतो आणि दोन पानं एकमेकांना अशी चिकटतात की ओढली तर फोटोच सोलून निघतो. त्यात बुरशी, त्यात कसर. म्हणून एसी. म्हणून नवीन बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी ऑफिसभर गोळा करत फिरते. लोक हसतात. हसू देत.

हे सगळं ज्ञान मी अर्थातच फुटपाथवर वापरलं. हुतात्मा चौकाच्या आसपासचे बरेचसे पुस्तकवाले २००५मध्ये महापालिकेने उठवले, तरी जे उरले-परतले त्यांच्याकडे २०१६च्या एका शनिवारी मला रघुबीर सिंग यांचं 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' मिळालं. १९९४चं, जॅकेटसकट. तीनशे सांगितले, अडीचशेला घेतलं. वर चेहरा असा केला की जणू उपकारच करतेय. घरी येऊन परदेशी विक्रेत्यांचे भाव पाहिले आणि ट्रेनमधली चौथी सीट मिळाल्यावर होतो त्याच्या शंभरपट आनंद झाला. त्या पुस्तकवाल्याला काही सांगितलं नाही. आजही त्याचं वाईट वाटत नाही. तो व्यापारी आहे, माल ओळखणं त्याचं काम. त्यानेही मला एकदा पहिली आवृत्ती म्हणून तिसरी विकली आहे. फिट्टंफाट.

हे इतकं सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात हा हिशोब लागू पडेना.

आम्ही २००८पर्यंत दादरला, हिंदू कॉलनीत राहायचो. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तळमजल्यावर काका-काकू. काका एका मराठी दैनिकात फोटोग्राफर. लहानपणी माझा पहिला 'आर्टिस्टिक' फोटो त्यांनीच काढला होता, नाकातून शेंबूड गळतानाचा. २०१९मध्ये काका गेले. मग गेल्या वर्षी ती बिल्डिंग एकदाची रीडेव्हलपमेंटला लागली. काकू ऐंशी पार, मुलगा बंगलोरला, दोन महिन्यांत घर रिकामं करायचं. काकूंचा फोन आला.

"अगं, ह्यांची पुस्तकं आहेत माळ्यावर. रद्दीवाला म्हणतो, पेपरच्या रद्दीपेक्षा याला भाव कमी. तुला कळतं ना त्यातलं? बघून जा एकदा. दोन हजार दे आणि सगळी घेऊन जा."

रविवारी गेले. माळ्यावरून दोन ट्रंका खाली काढल्या. काकूंनी आधीच पुसून वर ठेवले होते ते टाइम-लाइफचे फोटोग्राफीवरचे खंड, सत्तरच्या दशकातले, सुंदर बांधणीचे. "हे महागातले असणार," काकू म्हणाल्या. नव्हते. ते इतके छापले गेलेत की जगभर किलोने मिळतात. त्याखाली 'द फॅमिली ऑफ मॅन', १९५५चं. न्यूयॉर्कच्या मोमामधल्या एडवर्ड स्टायकेनच्या प्रदर्शनाचं पुस्तक. १९५६मध्ये ते प्रदर्शन मुंबईलाही आलं होतं. तेही लाखांनी खपलेलं, त्यामुळे भाव नाही. काकूंचा चेहरा पडत चालला होता. मला वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं मोठ्ठंही वाटत होतं. मी तज्ज्ञ ना!

दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चांगलं फूटभराहून उंच. चादर सोडली आणि मी पुढचं मिनिटभर बोललेच नाही.

कापलेल्या कागदांचे निळे-हिरवे-काळे आकार. आंरी मातीसचं मुखपृष्ठ. आंरी कार्तिए-ब्रेसाँ, 'द डिसायसिव्ह मोमेंट', न्यूयॉर्क, सायमन अँड शुस्टर, १९५२.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फोटोंच्या पुस्तकांमधलं हे विठोबाचं देऊळ. १२६ फोटो. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ काहीसा 'घाईत, गुपचूप टिपलेल्या प्रतिमा' असा. इंग्रजी नावाने मात्र एक अख्खा शब्दप्रयोग जगाला दिला. छपाई फ्रान्समध्ये, ड्रेगे नावाच्या छापखान्यात, ग्रॅव्ह्यूरने. १९४७-४८मध्ये ब्रेसाँ भारतात होते. गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या वेळचे त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेत. अनेक वर्षं हे पुस्तक पुन्हा निघालंच नाही. २०१४मध्ये श्टाइडलने हुबेहूब पुनर्मुद्रण काढलं. माझ्याकडे आहे ते तेच. पण हे ते नव्हतं. ना आयएसबीएन, ना खोकं. भिंग पर्समध्ये होतंच. ठिपके नव्हते, मखमल होती.

जॅकेट नव्हतं. पुठ्ठ्याचे कोपरे दबलेले, कडेच्या पानांवर तपकिरी डाग. पण आत एक बारीक पुस्तिका होती. या पुस्तकात फोटोंखाली ओळी छापलेल्या नाहीत, त्यांची वेगळी सुटी पुस्तिका असते आणि ती बहुतेक प्रतींमधून हरवलेली असते. इथे ती होती, बेस्टच्या वीजबिलात जपून खोवलेली.

"हे काय, चित्रांचं का?" काकूंनी विचारलं. "मी कधी उघडलंच नाही बाई. हात लावू द्यायचे नाहीत."

मी म्हणाले, "काकू, याचा भाव मला जरा बघावा लागेल. दोन दिवसांत सांगते."

ही थाप होती. भाव मला तेव्हाच माहीत होता. जॅकेट आणि पुस्तिकेसकटची स्वच्छ प्रत परदेशात हजार डॉलरच्या बऱ्याच पुढे जाते. जॅकेट नसलेली, डागाळलेली ही प्रत त्याच्या निम्म्याहून खाली येईल. तरी दोन हजार रुपये? सगळ्या ट्रंकांचे?

ते दोन दिवस मी माझ्याशी जे काय बोलले, ते ऐकण्यासारखं होतं. सोमवारी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मी स्वतःला सांगितलं, की मी नसते गेले तर हे रद्दीत गेलं असतं. मुद्दा बरोबर. दुपारी मीटिंगमध्ये वाटलं, पाच हजार देऊ, काकू खूश. मागितल्यापेक्षा अडीचपट! तेही बरोबर. रात्री वाटलं, माझ्याकडे ते एसीत राहील, विकणार थोडीच आहे मी? म्हणजे फायदा कसला? हा मुद्दा सगळ्यात भारी होता आणि सगळ्यात खोटा. मला ते पुस्तक हवं होतं, बस. गेली दहा वर्षं हवं होतं.

फुटपाथवाल्याचं उदाहरणही स्वतःला देऊन पाहिलं. पण अडचण अशी, की फुटपाथवाल्याने मला भाव विचारला नव्हता, सांगितला होता. काकूंनी विचारला होता. "तुला कळतं ना त्यातलं?" एवढंच म्हणाल्या होत्या. ज्या क्षणी मी "हो" म्हणून ट्रंकेजवळ बसले, त्या क्षणी मी गिऱ्हाईक राहिले नव्हते.

मंगळवारी ऑफिसमधून थेट दादरला उतरले. चहा झाल्यावर एका दमात सांगून टाकलं. बाकीच्या सगळ्याचे मिळून दीड-दोन हजार, आणि या एकाचे बाजारात काही दहा हजारांत. मला वाटलं होतं, काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल, पाठीवरून हात फिरवतील. मनात एक छोटा सीन तयारच होता.

काकू भडकल्या. माझ्यावर नाही, काकांवर.

"म्हणजे केवढ्याला घेतलं असेल हे मेल्यानं? एकोणसत्तर साली? घरात फ्रिज नव्हता गं! मी रोज दूध दोनदा तापवायचे!"

आत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. ६० रुपये. तारीख १९६९ची. सेकंडहँड घेतलं असणार. काकू बराच वेळ त्या साठ रुपयांचं वाणसामान करत बसल्या.

मग मी एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. व्यापारी विकतो त्या भावाने घेत नाही, निम्मे किंवा त्याहून कमी देतो. त्याचंही पोट आहे. त्याचं उत्तर आलं, ३५ हजार. वर एक ओळ, पुस्तिकेत पेन्सिलीच्या खुणा दिसतायत, ती कोरी असती तर थोडे जास्त दिले असते.

मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, देवघराशेजारच्या ड्रॉवरमधून नातवाचं खोडरबर घेऊन आल्या. "मग खोडते की. त्यात काय?"

"काकू, थांबा."

"का गं? जास्त देतो म्हणाला ना?"

कारण मलाही तेव्हाच दिसत होतं की त्या नुसत्या खुणा नव्हत्या. पुस्तिकेत छापील ओळींच्या शेजारी काकांचं बारीक अक्षर होतं. मराठीत. 'उजेड मागून.' 'खाली बसून.' 'मुलं, शिवाजी पार्क, रविवार.' जे फोटो पाहिले, ते मुंबईत कुठे सापडतील याची यादी! पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो ब्रेसाँने १९३२मध्ये काढला. त्याच्या ओळीशेजारी काकांनी लिहिलं होतं : 'हिंदमाता. जुलै. सकाळी ९. स्टूल लागेल.'

मी मोठ्याने वाचलं. काकूंच्या हातातलं खोडरबर तसंच राहिलं.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे म्हणून नेलं होतं ते स्टूल!"

पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं लाकडी स्टूल. काका भर पावसात छत्री आणि स्टूल घेऊन गेले, आले ते छत्री घेऊन. स्टूल गेलं वाहून. त्यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. का नेलं होतं, हे काकांनी कधी सांगितलं नाही.

"मग फोटो कुठेय तो?" मी विचारलं.

काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. लोखंडी कपाट होतं तिथे, त्याच्या खालच्या खणात काकांचे निगेटिव्ह असायचे. २६ जुलै २००५ला तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. मला आठवतंय, आम्ही त्या दोघांना वर आमच्याकडे आणलं होतं. काका रात्रभर खिडकीत बसून होते. मी चौदा वर्षांची होते, मला वाटलं पाऊस बघतायत. पुस्तकं वाचली, कारण ती माळ्यावर होती.

त्या रात्री काकू भिंग घेऊन पुस्तिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसल्या. मी आईला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. मधेच त्या हसायच्या, मधेच "हे खोटं, तिकडे कधी गेलेच नाहीत" म्हणायच्या.

व्यापाऱ्याला नाही कळवलं. म्हणजे 'सध्या नाही' असं. ही काकूंची दुरुस्ती. नव्या घराचा ताबा मिळाला की बघू, तोवर भाड्याच्या घरात ओल आहे, म्हणून पुस्तक माझ्या कपाटात. मी रीतसर कागदावर लिहून दिलंय, पुस्तक काकूंचं, पुस्तिकेसकट, अमुक तारखेला ठेवायला घेतलं, खाली सही. टाइम-लाइफचे खंड आणि बाकीच्या सगळ्याचे मी त्यांना अठराशे रुपये दिले. त्यांनी दोनदा मोजून घेतले.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकूंचा फोन येतो. आधी एसी चालू आहे ना, बुरशी नाही ना लागली, याची चौकशी. मग शेअरचा भाव विचारावा तसा प्रश्न. "आता कितीला गेलं गं?" मी जो असेल तो आकडा सांगते. काकू तो वहीत लिहून ठेवतात.